मुजावर बाईंची झोपलेली नाणी

मुजावर बाईंनी वीस वर्षांत मला एकदाही नावानं हाक मारली नाही. मी चंदगडचा. नोकरीच्या पहिल्या दिवशी कोल्हापुरातल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बिचकत शिरलो, तेव्हा खिडकीजवळून आवाज आला, "या पावणं, बसा. खुर्चीचा उजवा पाय मोडलाय, डाव्या अंगाला भार द्या." पुढे मी नोकरीत कायम झालो, कोल्हापुरात घर घेतलं, माझी मुलं माझ्यापेक्षा अस्सल कोल्हापुरी बोलायला लागली, पण बाईंच्या लेखी मी पावणाच राहिलो.

बाई अर्थशास्त्र शिकवायच्या आणि मी मराठी. म्हणजे त्या पैशाबद्दल बोलायच्या आणि मी पैसा सोडून बाकी सगळ्याबद्दल. बुटकी, सडपातळ मूर्ती, डोक्यावरचा पदर पिनेनं घट्ट बसवलेला आणि गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं एक छोटं भिंग. नव्या मुलांना वाटायचं, बाईंचे डोळे अधू आहेत. डोळे उत्तम होते. भिंग होतं नाण्यांसाठी. कुणाची जन्मशताब्दी, कुठल्या संस्थेची पन्नाशी अशा निमित्तानं सरकार वेगळ्या चित्राची नाणी काढतं. ती स्मारक नाणी जमवण्याचा बाईंना नाद होता. नाद हा शब्द मी जपून वापरतोय. त्यांचे मिस्टर गॅरेज चालवायचे, ते याहून कडक शब्द वापरायचे.

स्टाफरूमचा चहा वर्गणीवर चालायचा. सुटे पैसे एका बशीत जमायचे आणि ती बशी बाईंसमोरून गेल्याशिवाय दाराबाहेर पडत नसे. पहिल्याच आठवड्यात मी बशीत पाच रुपयांचं नाणं टाकलं. बाईंनी ते उचललं, भिंगाखाली धरलं, कड नखानं चाचपली आणि सरळ स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. मी बघतच राहिलो. मग त्यांनी पर्समधून दुसरं पाचाचं नाणं काढून बशीत ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चोरी न्हाय पावणं, बदली हाय." ही रीत त्यांच्या वडिलांची. वडील एस.टी.त कंडक्टर होते. चामडी पिशवीत वेगळं नाणं आलं की मुलीसाठी उचलायचे आणि तेवढ्याच किमतीचं आपल्या खिशातलं आत टाकायचे, तेही ड्रायव्हरला दाखवून.

माझा आणि त्यांचा वर्ग शेजारी होता. मधे प्लायवूडची भिंत. कोल्हापूरचा आवाज प्लायवूडला जुमानत नाही. त्यामुळे मी इकडे कविता शिकवत असताना तिकडचं अर्थशास्त्र माझ्या मुलांना आणि मला फुकट मिळायचं. दर वर्षी पावसाळा सरता सरता बाईंचा एक तास यायचा आणि तो आला की मी मुलांना लिहायला काहीतरी देऊन गप्प बसायचो.

बाई दहाचं एक नाणं वर्गात फिरवायच्या आणि किंमत विचारायच्या. वर्ग ओरडायचा, दहा. मग हे तयार करायला दहा रुपये लागले का, असा पुढचा प्रश्न. मुलं विचारात पडायची. धातू, मजुरी, यंत्र सगळं धरलं तरी दहापेक्षा पुष्कळ कमी, असं बाई सांगायच्या. सरकार ते मध्यवर्ती बँकेला पुऱ्या दहाला देतं. मधलं उरलेलं सरकारचं. टाकसाळीचा नफा तो हाच. मग बाई ते नाणं डबीत टाकून झाकण लावायच्या. टप्प असा आवाज यायचा.

"आता हे माझ्या कपाटात जाणार," त्या म्हणायच्या. "कागदोपत्री हे लोकांच्या हातात आहे. देशात पैसा किती, हे मोजताना हेही मोजतील. पण याच्यानं कुणी भाजी घेणार नाही, कुणी तिकीट काढणार नाही. हे नाणं झोपलं. आता बाजारात सुट्टे कमी पडले की सरकार याच्या जागी दुसरं पाडणार आणि पुन्हा मधलं उरलेलं घेणार. माझ्यासारखे जमवणारे म्हणजे सरकारला बिनव्याजी पैसे देणारे. परत मागायला कधीही न येणारे."

एका वर्षी एका मुलीनं विचारलं, मग तुम्ही का जमवता? बाई चिडल्या किंवा खूश झाल्या की पुस्तकी मराठी सोडायच्या. या वेळी खूश झाल्या होत्या. "हौस हाय म्हणून," त्या म्हणाल्या. "पण मी हौसेला हौस म्हणतो, गुंतवणूक म्हणत न्हाय." कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल अशाच 'येतो-जातो' बोलतात. मला तेव्हा ते वाक्य फार आवडलं होतं. स्वतःच्याच या बोलण्याच्या विरुद्ध बाई एकदाच वागल्या आणि तेवढ्या एका वेळेनं त्यांना पुरतं कामाला लावलं.

त्याचं असं झालं. कॉलेजच्या गेटबाहेर पारूआक्काची चहाची टपरी होती. आक्का कुरुंदवाडकडची, एकटी बाई, पन्नाशी ओलांडलेली. तिच्या चहात आलं इतकं असायचं की सर्दी झालेल्या मास्तरांना रजेची गरज पडत नसे. एका स्नेहसंमेलनात बाईंनी आपल्या नाण्यांचं प्रदर्शन मांडलं. गर्दी उसळली होती, प्राचार्य कौतुक करून गेले होते, बाई आनंदात होत्या. चहाची किटली घेऊन आक्का आत आली, टेबलावरच्या दहाच्या नाण्यांकडे बघत उभी राहिली आणि तिनं विचारलं, असल्या नाण्यांची किंमत पुढे वाढते काय? बाई पाहुण्यांना नाणी खोचून ठेवलेली वही दाखवत होत्या. वळून म्हणाल्या, "वाढती की. जपून ठेव." आणि पुन्हा पाहुण्यांकडे वळल्या. मी शेजारीच उभा होतो. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

सात वर्षांनी रस्ता रुंद करायचं ठरलं आणि आक्काची टपरी जाणार हे नक्की झालं. समोर पिठाच्या गिरणीशेजारी एक गाळा रिकामा होता. गिरणीवाले भले गृहस्थ होते, पण गाळा फुकट देण्याइतके नव्हेत. तीस हजार अनामत, येत्या सोमवारपर्यंत, आणि रोख. नाहीतर झेरॉक्सवाला पैसे घेऊन तयार होता. गाळा हातचा गेला तर आक्काला लांब कुठेतरी जावं लागणार होतं, आणि आमच्या कॉलेजशिवाय आक्काचं दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

बुधवारी मधल्या सुट्टीत आक्का स्टाफरूमच्या दारात आली. बरोबर तेलाचा पत्र्याचा डबा. शिपाई आणि मी तो उचलून आत आणला, तेव्हा माझ्या कमरेत जी उसण भरली ती आठवडाभर होती. डबा दहाच्या नाण्यांनी भरलेला होता. सगळी चित्रांची, वेगवेगळी. रोजच्या गल्ल्यातलं एक, सात वर्षं.

"बाई, तुम्ही म्हटलासा म्हणून एक बी मोडलं न्हाय," आक्का म्हणाली. "आता ह्येचं किती येत्यात त्येवढं सांगा."

मग एकेक गोष्ट कळत गेली. आक्का आधी जुन्या नाण्यांच्या दुकानात जाऊन आली होती. दुकानदारानं सांगितलं होतं, ही नाणी सरकारनं पोत्यांनी पाडलीत, दहाचे दहाच मिळतील आणि तेही मी देणार नाही. मग ती गिरणीवाल्यांकडे गेली. ते म्हणाले, दहाचं नाणं इथं चालतच नाही. तेव्हा खरोखरच गावभर ही हूल उठलेली होती. इतकी निरनिराळी चित्रं पाहून लोकांनी ठरवून टाकलं होतं की यातली अर्धी खोटी आहेत. आणि कुठली अर्धी हे ठाऊक नसल्यामुळे कुणी कुठलंच घेत नव्हतं. जास्त किंमत येईल म्हणून राखलेल्या पैशाला आता होती ती किंमतही कुणी देईना.

स्टाफरूममध्ये आम्ही दहा-बारा माणसं असू. कुणीतरी म्हणालं, बाई तेव्हा सहज बोलल्या असतील. मी मान हलवली. सहकाऱ्याला वाचवायचं असतं, अशी आमची समजूत. बाई उठल्या, डब्याजवळ जमिनीवर बसल्या आणि मूठभर नाणी हातात घेतली.

"सहज न्हाय," त्या म्हणाल्या. "मी मास्तरीण हाय. मी बोललेलं लोक खरं धरत्यात, त्याचाच मला पगार मिळतोय. आक्का, मी तुला चुकीचं शिकवलं. मी चुकलो."

शिक्षण खात्यात उभा जन्म गेला माझा. शिक्षकानं दहा माणसांसमोर हे वाक्य उच्चारलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. आक्का घाबरून "न्हाय न्हाय" करायला लागली. बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि नाणी मोजायला घेतली. ती दोन हजारांवर शंभरेक निघाली.

त्याच दुपारी आम्ही बँकेत गेलो. तिथला माणूस सभ्य होता. घेणार नाही असं तो म्हणाला नाही. एवढी मोजायला माणूस नाही, रोज थोडी थोडी आणा, म्हणाला. सोमवार त्याच्या हिशेबात नव्हता. बाहेर आल्यावर मी तावातावानं म्हटलं, गिरणीवाल्यांना कायदा दाखवू, चलनी नाणं नाकारता येत नाही. बाईंनी मला तिथेच गप्प केलं. एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंतच नाणी घेण्याची सक्ती आहे, त्यापुढे नाही म्हणायचा गिरणीवाल्यांना हक्क आहे, असं त्यांनी सांगितलं. आपल्या विरुद्ध जाणारा कायदाही त्यांना पाठ होता. मला त्यांचा थोडा रागच आला.

गुरुवारी बाई वर्गावर्गात फिरल्या. प्रत्येकानं दहाच्या नोटा द्यायच्या आणि तितकी नाणी घ्यायची. अट एकच, नाणं संध्याकाळच्या आत बाजारात खर्च करायचं. घरात ठेवायचं नाही. मुलांनी तीन-तीन, चार-चार नाणी घेतली. आम्ही मास्तरांनीही घेतली. संध्याकाळपर्यंत डबा निम्मा झाला आणि मला वाटलं, जिंकलो.

शुक्रवारी सकाळी अर्धी मुलं नाणी परत घेऊन आली. कोण घेईना, म्हणाली. वडापाववाला घेईना, रिक्षावाला घेईना, भाजीवाली तर अंगावर आली. काही मुलांनी वेगळीच चूक केली होती. चित्र छान आहे म्हणून नाणं दप्तरात जपून ठेवलं होतं. बाईंनी कपाळावर हात मारला.

दुपारी कॉलेज सुटल्यावर त्या मंडईत निघाल्या. काखेत नाण्यांची वही, मागे तीस-चाळीस मुलं, त्यांच्या मागे उसण भरलेला मी, हातात नाण्यांची पिशवी. पहिल्याच वांगीवाल्यानं नाणं परत टाकलं. खोटं हाय, म्हणाला. का, तर त्याच्याकडच्या नाण्यावर चित्र वेगळं होतं.

"मग तुझं बी खोटं असंल," बाई म्हणाल्या, "कारण माझ्याकडं आणखी बारा येगळी हाईत." आणि त्यांनी वही वांग्यांवर उघडून ठेवली.

गर्दी जमली. बाईंनी गळ्यातलं भिंग काढून वांगीवाल्याच्या हातात दिलं. कड बघ, आकडा बघ, हे कोणत्या निमित्तानं काढलं ते वाच. मग तोच वर्गातला तास त्यांनी मंडईत घेतला, फक्त भाषा बदलून. धातूचा खर्च किती, सरकारला उरतं किती, नाणं डब्यात अडकलं की कुणाचं फावतं. वांगीवाला मन लावून ऐकत होता. शेवटी त्यानं विचारलं, सरकार एकसारखीच नाणी का काढत नाही? बाई म्हणाल्या, माझ्यासारख्यांनी ठेवून घ्यावीत म्हणून. तो हसला आणि त्यानं नाणं गल्ल्यात टाकलं. त्यानं घेतलं हे पाहून शेजारच्या कांदेवालीनं घेतलं, मग तिच्या पलीकडच्यानं. आमच्या घरी पुढे चार दिवस वांगी होती. बायकोनं पाचव्या दिवशी विचारलं, कॉलेजात नक्की चाललंय काय?

बाजारात नाणं चालतंय म्हटल्यावर मुलांनी उरलेलीही नोटा देऊन नेली आणि शनिवारपर्यंत डबा रिकामा झाला. आक्काच्या हातात एकवीस हजारांच्या नोटा आल्या. नऊ हजार कमी होते, आणि मधे एक रविवार होता. स्टाफरूममध्ये वर्गणी काढू, असं मी सुचवलं. बाई म्हणाल्या, चूक एकाची असताना वर्गणी कशी काढता?

रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. इचलकरंजीला जायचंय, सोबत चला. तिथले एक सूत व्यापारी नाण्यांचे शौकीन होते. बाईंनी पिशवीतून मखमली पेट्या काढल्या. सरकारी टाकसाळ खास संग्राहकांसाठी चकचकीत नाणी पेटीत घालून विकते, शंभराचं, दीडशेचं असं. ती चलनात कधीच येत नाहीत आणि विकत घेताना त्यांच्यावरच्या आकड्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. बाईंनी पंचवीस वर्षांत, पगारातून दर वेळी थोडे बाजूला काढून, त्या अकरा पेट्या घेतल्या होत्या. व्यापाऱ्यानं दर सांगितला. त्यांनी मोजले होते त्यापेक्षा तो कमीच होता. बाईंनी घासाघीस केली, पण मनापासून नव्हे. एकेक पेटी देताना त्या झाकण उघडून बघत होत्या. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

परतताना बसमध्ये त्या म्हणाल्या, सरकारनं बाजारातल्या नाण्यात कमावलं आणि माझ्या पेटीतही कमावलं, माझ्यासारखं गिऱ्हाईक त्याला दुसरं मिळणार नाही. मी विचारलं, वाईट वाटतंय का?

"वाटतंय की. दगड हाय व्हय मी?" असं म्हणून त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि रिकामी पिशवी घडी घालून पर्समध्ये ठेवली.

सोमवारी स्टाफरूममध्ये आक्का ते नऊ हजार घेईना. दुसऱ्याचे पैसे घेऊन गाळ्यात बसणार नाही, म्हणाली. ती उठायलाच निघाली होती. गिरणीवाल्यांनी दिलेल्या वेळेला तास उरला होता आणि झेरॉक्सवाला गिरणीच्या पायरीवर येऊन बसलेला आम्हाला खिडकीतून दिसत होता.

"ह्ये माझं पैसं न्हाईत," बाई म्हणाल्या. "ह्ये व्याज हाय. तुझा पैसा सात वर्सं झोपला. पोस्टात टाकला असतास तर वाढला असता. सरकारनं तो बिनव्याजी वापरला आणि सरकार काय तुझ्या दारात व्याज घेऊन येणार न्हाय. सल्ला माझा हुता, तवा व्याज बी माझंच."

आक्कानं माझ्याकडे वळून विचारलं, "मास्तर, व्याज एवढं हुतंय व्हय?"

माझं गणित कच्चं आहे. तरी तेवढ्या पैशावर तेवढ्या वर्षांत नऊ हजार व्याज होत नाही, इतकं मला कळत होतं. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "व्हतंय की, आक्का." नोकरीत मी मुलांना अनेकदा नकळत चुकीचं सांगितलं असेल. कळून सवरून सांगितलेलं हे एकच, आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

गाळा आक्काला मिळाला.

बाईंचे माझ्यावर उपकार आहेत, आणि ते मी त्यांना कधी धड सांगू शकलो नाही. वर्गात चूक झाली की सावरून न्यायची, हा मास्तरांचा जुना धर्म. मीही तो इमानानं पाळत होतो. त्या बुधवारनंतर मला ते जमेनासं झालं. एका कवितेचा अर्थ मी चुकीचा सांगितला होता हे घरी वाचताना लक्षात आलं, तर दुसऱ्या दिवशी वर्गात उभं राहून तसं सांगितलं. मुलं हसली नाहीत, उलट त्या दिवसापासून जास्त प्रश्न विचारायला लागली. प्लायवूडपलीकडून टाळी आली. मुजावर बाई शिकवणं थांबवून ऐकत होत्या.

त्यांच्या निवृत्तीनंतर आमची गाठ क्वचित पडे. मिस्टर गेले, मग मुलगी त्यांना पुण्याला न्यायला आली. जायच्या आदल्या दिवशी मी स्कूटर लावत असताना त्या मला कॉलेजच्या गेटजवळ दिसल्या. खूप वाळल्या होत्या. आक्काच्या गाळ्यावर आता फोन दाखवून पैसे द्यायचा चौकोन चिकटवलेला आहे, पोरं तोच वापरतात. पण त्याच्या वर आक्कानं नुकतीच एक पाटी रंगवून घेतली होती. मजकूर मला विचारला होता. मी चार ओळींचा लिहून दिला, तो तिनं नापास केला आणि स्वतः सांगितला तोच पेंटरकडून काढून घेतला. दहाची सगळी नाणी हितं चालतात.

बाई रस्त्याच्या अलीकडे उभ्या राहून ती पाटी वाचत होत्या. एकदा वाचून झाली. पुन्हा वाचली. मी हाक मारणार होतो, आभार मानायचे राहिले होते, पण पाय उचलला नाही. मधून एक एस.टी. गेली. ती गेल्यावर दिसलं, की बाई रस्ता ओलांडून पलीकडे पोचल्या होत्या आणि आक्का गल्ल्यामागून उठून, ओले हात लुगड्याला पुसत, त्यांच्यासाठी बाकावरची जागा करत होती.